बडोद्यात जुना फिल्म कॅमेरा झूम लेन्ससकट घ्यायचाय : काय काय तपासू?

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ती)
गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होतोय. मालक आता हयात नाहीत, त्यांचा मुलगा सामान काढून टाकतोय. काल त्याने कपाट उघडून दाखवलं आणि दोन संच माझ्या मनात घर करून बसले.

एक : निकॉन एफएम२, सोबत ४३-८६ एफ ३.५ चा निकॉर झूम. मागणी २४ हजार.
दुसरा : कॅनन एई-१ प्रोग्राम, सोबत ३५-७० आणि ७०-२१० असे दोन झूम. मागणी १८ हजार.

"बधुं चालू छे, जोई लो," असं म्हणतो. पण कॅमेऱ्यातलं आपल्याला काही कळत नाही हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं. रविवारी सकाळी परत बोलावलंय, हवा तेवढा वेळ बसून बघा म्हणाला. माणूस भला वाटला.

मी फाइन आर्ट्सला होते. तिथे विभागाच्या कॅमेऱ्यावर शिकले, रोल धुतले, प्रिंटही काढल्या, पण सगळं ५० मिमीच्या लेन्सवर. जुना झूम कधी हाताळलेला नाही. मला काढायचेत ते तीन विषय : तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, चांपानेरच्या मशिदींच्या जाळ्या आणि आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी. मगरींमुळेच झूमची ओढ.

यातला कुठला संच घ्यावा? आणि त्याआधी, रविवारी तिथे बसून नेमकं काय काय तपासावं?

---

फाफडाप्रेमी
गुरुवार, रात्री ९.५८

ताई, प्रामाणिक प्रश्न. इतक्या पैशांत जुना डिजिटल एसएलआर आणि बरा झूम येतो. रोल हजाराच्या घरात गेलाय, वर धुण्याचे आणि स्कॅनचे पैसे. मगर तोंड उघडेपर्यंत ३६ फोटो संपतील. मग फिल्म का?

---

विश्वामित्रीकाठ
गुरुवार, रात्री १०.१०

डिजिटल आहे घरी. तो मुलगी वापरते आणि छान वापरते. मला निगेटिव्ह हवी आहे. वाड्यातली चित्रं दर पावसाळ्यात थोडी थोडी उडतायत. त्यांची नोंद हातात धरता येईल अशा वस्तूवर राहावी, असं मला मनापासून वाटतं. आणि डार्करूममधलं काम मला पुन्हा करायचंय.

---

अंधारखोली
गुरुवार, रात्री ११.२५

तुमचं दुसरं उत्तर वाचलं आणि लिहायला बसलो. माझाही स्टुडिओ होता, आता फक्त डार्करूम उरली आहे.

सगळे आधी बॉडी बघतात. खटका दाबतात, आवाज ऐकून खूश होतात. आपल्या गावात उलटं करा : आधी लेन्स बघा, मग बॉडी. आणि झूम असेल तर दुप्पट बारकाईने. ५० च्या साध्या लेन्समध्ये सहा-सात काचा असतात. झूममध्ये आठ-दहा, बारा, कधी त्याहून जास्त, आणि त्यांचे गट आत पुढेमागे सरकतात. नळी आतबाहेर होते तेव्हा ती हवा ओढते. हवेबरोबर धूळ जाते, पावसाळ्यात ओल जाते. जून ते सप्टेंबर बंद कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये राहिलेल्या झूमला बुरशी लागणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

बघायचं असं. लेन्स कॅमेऱ्यावर लावा, रोल नाही याची खात्री करून मागचं झाकण उघडा, शटर बल्बवर (बी : खटका दाबलेला असेल तोवर पडदा उघडा) ठेवा, छिद्र सर्वांत मोठं (एफचा सर्वांत लहान आकडा) ठेवा आणि खटका दाबून धरा. समोरून कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च तिरका धरायला सांगा. तुम्ही मागून बघा. टॉर्च सरळ धरला तर बुरशी दिसत नाही, तिरक्या उजेडातच दिसते. मग तोच प्रकार झूम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हळूहळू नेत करा. एका जागी लपलेला डाग दुसऱ्या जागी समोर येतो.

बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटत जाते, बहुधा कडेकडून आत. साधी धूळ सुटे ठिपके असते, तिला घाबरू नका, प्रत्येक जुन्या झूममध्ये असते. तिसरा प्रकार धुकं : सगळी काच दुधी दिसते. धुकं असलेल्या लेन्सचे फोटो उन्हात फिके येतात, काळा रंग काळा उतरत नाही.

पुढच्या काचेवर कडेला एखादी बारीक फांदी असेल तर चालेल, भाव पाडून घ्या. मागच्या काचेवर किंवा मधल्या गटात पसरली असेल तर सोडा. बुरशी पुसता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा. आणि झूम उघडून परत नीट बसवणारे कारागीर आता फार थोडे उरलेत.

---

मोतीबाग_पॅव्हेलियन
शुक्रवार, सकाळी ७.५०

अंधारखोली काकांच्या प्रतिसादात एक भर घालतो. बडोद्यात जुनं काहीही विजेवर चालणारं घ्यायचं तर पहिला प्रश्न एकच : २०१९ आणि २०२४ च्या पुरात ही वस्तू कुठे होती?

ऑगस्ट २०२४ नंतर शुक्रवारी बाजारात पुसून-चकाकवून ठेवलेल्या कितीतरी वस्तू आल्या होत्या. कॅमेरा वरून लख्ख दिसतो. पण पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, गाळ असतो. हा गाळ शोधायच्या जागा : तळाला स्टँडचा स्क्रू बसतो ते भोक, रिवाइंडच्या मुठीखालची जागा, लेन्सच्या रबरी रिंगची खोबण, मागच्या झाकणाची बिजागरी. टाचणी फिरवून बघा, मातकट भुकटी निघते का. स्क्रूंच्या डोक्यांवर गंज असेल तर विचार करू नका, उठा.

---

विश्वामित्रीकाठ
शुक्रवार, सकाळी ८.१५

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, फार उपयोगी. कपाट पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे पाणी पोचलं नसावं. पण दोन्ही कॅमेरे चामड्याच्या केसमध्ये आहेत आणि केसना कुबट वास येत होता.

---

अंधारखोली
शुक्रवार, सकाळी ८.३२

तो वास बुरशीचाच. केस घरी आणूच नका, देऊ केली तरी. कॅमेरा वाचला असेल तर तो केसमुळे नव्हे, केस असूनही वाचला.

---

खटका_८१
शुक्रवार, सकाळी १०.०५

माझं मत सरळ कॅननला. एई-१ प्रोग्राम १९८१ चा, आणि नवशिक्या माणसापासून लग्नाच्या फोटोग्राफरपर्यंत सगळ्यांनी वापरलेला. एफडी, म्हणजे कॅननच्या त्या काळच्या लेन्सेस, निकॉनपेक्षा स्वस्त मिळतात, कारण कॅननने १९८७ मध्ये ईओएस ही नवी मालिका आणताना माउंटच (लेन्स बसायची खोबण) बदलला आणि जुन्या लेन्सेस नव्या बॉडीला लागेनाशा झाल्या. फिल्मवाल्यांचा त्यात फायदा.

७०-२१० एफ ४ असेल (आधी बघा, त्यावर एफ ४ च लिहिलंय ना) तर तो चांगला झूम आहे. ७० ला असो की २१० ला, छिद्र एफ ४ च राहतं. पुलावरून मगर काढायला हाच हवा, ८६ ने काठावरची मगर पालीएवढी येईल.

तपासताना तीन गोष्टी :

सेल. सहा व्होल्टचा ४एलआर४४ लागतो. सेल नसेल तर हा कॅमेरा खटकाही घेत नाही. रविवारी नवा सेल स्वतः घेऊन जा, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. सेलच्या खोलीत हिरवं-पांढरं साचलंय का बघा. थोडं असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर लावून निघतं.

आवाज. खटका दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा, शिट्टीसारखा आवाज आला तर दचकू नका. या कॅमेऱ्यांचा हा ठरलेला आजार आहे. आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकतं, योग्य जागी तेलाचा एक थेंब पुरतो. पण तो थेंब जाणकारानेच घालावा. मात्र भाव ठरवताना आवाज मुद्दाम दोनदा ऐकवा.

फोम. मागच्या झाकणाच्या खोबणीतला आणि आरशाच्या वरचा काळा फोम हमखास चिकट झालेला असतो. बोटाला डांबर लागल्यासारखा. त्यातून उजेड शिरून फोटोवर नारिंगी पट्टे येतात. बदलणं सोपं आहे, खर्चही मोठा नाही.

---

मांडवीचा_घड्याळजी
शुक्रवार, दुपारी १.४०

खटका_८१ भाऊंचा आदर राखून ठाम असहमत.

एफएम२ पूर्ण यांत्रिक आहे. १ सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळे वेग सेलशिवाय चालतात, सेल फक्त प्रकाशमापकाला लागतो. एई-१ प्रोग्रामचं सर्किट गेलं तर दुसरा मेलेला कॅमेरा आणून त्याचे भाग काढावे लागतात. यांत्रिक कॅमेरा ज्याच्या हातात कसब आहे तो दुरुस्त करतो. माझं आयुष्य घड्याळांत गेलं, मला यात शंका नाही.

पण ताई, त्या ४३-८६ बद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट, लेन्स बॉडीला लावण्याआधी बघा. निकॉनने १९७७ मध्ये लेन्सचा माउंट थोडा बदलला, त्याला एआय म्हणतात. त्याआधीच्या लेन्स एफएम२ ला लावायच्या नाहीत. जुन्या एफएमला बॉडीच्या माउंटवरची छोटी कळ दुमडून ठेवता यायची, एफएम२ ला दुमडत नाही. जोर केला तर कळ वाकते.

ओळख सोपी आहे. छिद्राच्या रिंगवर आकड्यांची एकच ओळ असेल तर जुनी. माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी ओळ असेल तर एआय. वरच्या धातूच्या शिंगातही फरक असतो : जुन्याला भरीव, एआयला भोकं पाडलेलं.

हा झूम १९६३ पासून निघत होता, त्यामुळे स्टुडिओत जुनाच असण्याची शक्यता मोठी. शिवाय पहिल्या आवृत्तीच्या सरळ रेषा वाकतात आणि समोरून उजेड आला की चित्र धुवून निघतं. १९७६ ला भिंगांची रचना बदलली, नऊऐवजी अकरा काचा आल्या, तेव्हा तो सुधारला. वाड्याच्या खांबांचे आणि चौकटींचे फोटो काढायचे तर वाकणाऱ्या रेषा डोळ्यांत खुपतील.

शटर तपासायला मोबाइल वापरा. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, खिडकीकडे धरा, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये खटका टिपा. १ सेकंद आणि १/२ सेकंद तर कानानेच कळतं, पडदा अडखळत असेल तर आवाज लांबतो. वरच्या वेगांत उजेडाची पट्टी एका बाजूला काळी पडते का ते बघा. एफएम२ च्या पडद्याच्या धातूच्या पात्या पातळ असतात, कोणी बोट लावून पोचा पाडलाय का तेही. पाहताना आपलं बोट दूर ठेवा.

---

कमाटीबाग
शुक्रवार, दुपारी ३.१२

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन्ही बाजू इतक्या पटल्या की मलाच दोन्ही घ्यावेसे वाटतायत.

---

ग्वाल्हेरची_लेक
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

माहेर ग्वाल्हेर, सासर बडोदा. तांबेकर वाड्यात मी फिल्मवर काम केलंय म्हणून लिहिते. विषय कॅनन की निकॉन हा नाहीच. विषय अंधार हा आहे.

वाडा १९ व्या शतकातला, दिवाण भाऊ तांबेकरांचा. चित्रं आहेत त्या खोल्यांत उजेड खिडकीतून येईल तेवढाच. ४०० चा रोल घातला, छिद्र एफ ३.५ ला उघडं ठेवलं, तरी भर दुपारी काटा १/८ ते १/१५ दाखवतो. या वेगाला हातात धरून फोटो हलतो. झूम जितका लांब तितका जास्त हलतो, कारण साधा हिशेब असा की ७० वर काढायचं तर किमान १/६० ते १/१२५ हवा, २१० वर १/२५०. एफ ४ च्या झूमने आत काहीही होणार नाही. तिथे ५० एफ १.८ घ्या : जवळजवळ दोन स्टॉप, म्हणजे जवळपास चौपट उजेड मिळतो, १/८ चा १/३० होतो, श्वास रोखून निभतं. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, स्टँड लावायचा असेल तर आधी विचारून घ्या. फ्लॅश चित्रांवर मारू नका, ही हात जोडून विनंती.

अजून एक. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या दृष्टिपटलावर (डोळा लावल्यावर चित्र दिसतं ती काच) मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असतं, त्यात दोन अर्धे जुळवून फोकस करतात. कमी उजेडात, त्यात छोट्या छिद्राचा झूम असला की त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. लेन्स बिघडली असं वाटतं, पण तो दोष नाही. अशा वेळी भोवतीच्या खरखरीत कड्यावर किंवा बाहेरच्या काचेवर फोकस करायचं.

चांपानेरसाठी मात्र झूम सुरेख. ३५-७० ने जामी मशिदीचं प्रवेशद्वारही बसतं आणि जाळीही. तिथे उजेडाची ददात नाही.

---

विश्वामित्रीकाठ
शुक्रवार, रात्री ८.०५

ग्वाल्हेरची_लेक, हे आकडे मी वहीत उतरवून घेतले. फ्लॅशबद्दल शंभर टक्के सहमत. त्या कपाटाखालच्या ड्रॉवरमध्ये सुट्या लेन्सेस आणि फिल्टर पडलेले दिसले होते, त्यात एखादी ५० आहे का ते बघेन.

---

इंदूरी_पोहा
शुक्रवार, रात्री ९.२०

अवांतर, पण राहवत नाही. फोटोग्राफीचा विषय आणि मराठी संस्थानांची गावं म्हटली की आमचं इंदूर आलंच पाहिजे. लाला दीनदयाळ १८६६ पासून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते, फोटो काढायला लागले ते तिथेच, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना हात दिला. पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले, पण सुरुवात आमची.

---

अंधारखोली
शुक्रवार, रात्री ९.४८

इंदूरकरांचा मान मोठाच. पण मग बडोद्याचंही ऐका. आग्फाचे क्लिक थ्री आणि आयसोली हे कॅमेरे, ज्यांवर देशभरातल्या घराघरांतले बारशाचे आणि मुंजीचे फोटो निघाले, ते इथे बडोद्यात बनायचे, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. १२० चा रोल. क्लिक थ्रीवर बारा फोटो. घरी असेल तर तळाशी किंवा आत लिहिलेलं वाचा.

आणि ज्योती भट्ट सर. चित्रकार, मुद्राचित्रकार, फाइन आर्ट्सचे गुरू. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खेड्यापाड्यांत जाऊन त्यांनी भिंतींवरची चित्रं, मांडणे, रांगोळ्या टिपल्या. त्यातल्या कित्येक भिंती आज नाहीत, निगेटिव्ह आहेत. २०१९ ला पद्मश्री मिळाली. विश्वामित्रीकाठ ताईंनी निगेटिव्ह हवी म्हटलं तेव्हा मला तेच आठवलं.

---

फाफडाप्रेमी
शुक्रवार, रात्री १०.०२

काका, तुमच्या या प्रतिसादाने माझा पहिला प्रश्न निकालात निघाला. मागे घेतो. आईच्या कपाटातला क्लिक थ्री काढून बघतो आता.

---

रावपुरा_सातवी_गल्ली
शनिवार, सकाळी ९.१५

भावाबद्दल कोणीच बोललं नाही. मी जुन्या वस्तूंच्या व्यवहारात असतो, कॅमेऱ्यांत नाही, पण नियम तेच.

भाव कपाटासमोर उभं राहून करू नका. आधी सगळं तपासून घ्या, दोष कागदावर लिहा, मग बसा. "इतके कमी करा" म्हणू नका. "फोम बदलायला इतके, वंगणाला इतके, ही लेन्स उघडावी लागेल तिचे इतके" असं सांगा. समोरच्याला पटतं आणि त्याचा मानही राहतो. वडिलांच्या वस्तू विकतोय तो, हे लक्षात ठेवा. वस्तू कोणाकडे जाते याचं त्याला पैशांइतकंच असेल.

आणि एका संचातलं एक नको असेल तर फोडून मागा.

---

खटका_८१
शनिवार, सकाळी ११.३०

+१. झूमच्या बाबतीत आणखी दोन तपासण्या राहिल्या होत्या.

पहिली : लेन्स तोंड खाली करून धरा. ओढायचा झूम असेल तर नळी आपोआप घसरते का? जुन्या ७०-२१० मध्ये बरेचदा घसरते. थोडी घसरली तर चालेल. सैल होऊन लोंबत असेल तर मगरीकडे खाली रोखल्यावर तुम्हाला हाताने धरून ठेवावी लागेल.

दुसरी : २१० ला नेऊन लांबच्या पाटीवर फोकस करा, मग फोकसला हात न लावता ७० ला आणा. पाटी धारदार राहिली पाहिजे. नाही राहिली तर लेन्स बहुधा कोणीतरी उघडून चुकीची बसवली आहे. म्हणूनच खिडकीजवळ बसा, लांबचं काहीतरी दिसेल असं.

---

सूरसागर_पाळी
शनिवार, दुपारी ४.००

रोल धुण्याचं कोणी सांगेल का? बडोद्यात रंगीत रोल देतो तिथून तो बाहेरगावी कुरिअरने जातो असं कळलं, यायला वेळ लागतो. घरी जमतं का?

---

अंधारखोली
शनिवार, संध्याकाळी ५.३५

काळापांढरा घरी नक्की धुवा. एचपी५ रोल डी-७६ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. अडचण त्या २० अंशांची. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी ३२-३५ च्या खाली नसतं. तेवढ्या गरम रसायनात वेळ इतका कमी होतो की ताबा राहत नाही, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या ठेवा, थर्मामीटर आत. शेवटचं धुण्याचं पाणीही फार गरम नको, फरक मोठा झाला तर थराला सुरकुत्या पडतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र आपल्याकडचं नळाचं पाणी जवळपास हवं तसंच येतं, तेव्हा रोल साठवून धुतले तरी हरकत नाही.

रंगीतला ३८ अंश लागतात, डेव्हलपरचा वेळ सव्वातीन मिनिटं, आणि अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंग सरकतो. म्हणजे उन्हाळ्यात आपण जवळ असतो, पण ती स्थिर ठेवण्याची शिस्त हवी.

पूर्वी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा, आपला स्वतःचा. विद्यार्थ्यांना परवडायचा. कारखाना बंद पडला याचं मला आजही वाईट वाटतं.

---

विश्वामित्रीकाठ
रविवार, दुपारी ३.२०

जाऊन आले. सकाळपासून तिथेच होते, मुलगी टॉर्च धरायला सोबत. सगळ्यांच्या सूचनांची यादी कागदावर होती, त्यामुळे काय सापडलं ते ओळीने सांगते.

निकॉन : बॉडी उत्तम. पडद्याला पोचा नाही, १ सेकंद कानाला स्वच्छ, वरच्या वेगांत पट्टी सगळीकडे सारखी. पण ४३-८६ वर आकड्यांची एकच ओळ आणि शिंग भरीव! घड्याळजी काका, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती लावून बघितली असती. मुलाने ड्रॉवरमधून सापडली म्हणून निकॉनजवळ निकॉन ठेवली होती, त्याला फरक माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी दोन्ही वस्तू शेजारी ठेवून त्याला दाखवलं, त्यानेही लगेच लेन्स वेगळी काढली.

कॅनन : नव्या सेलवर चालू. शिट्टी वाजते, हळू. फोम पूर्ण चिकट. कापडी पडद्याला भोक नाही, टॉर्च लावून पाहिलं. स्टँडच्या भोकात गाळ नाही, गंज नाही. ३५-७० आतून स्वच्छ, थोडी धूळ. ७०-२१० वर एफ ४ च लिहिलंय, नळी घसरत नाही, लांबची पाटी ७० लाही धारदार. पण तिरक्या उजेडात मधल्या गटात जाळी दिसली, साधारण एक तृतीयांश भागात. झूम ७० वर असताना दिसत नव्हती, १५० च्या पुढे गेल्यावर समोर आली. मुलीलाच आधी दिसली.

ड्रॉवरमध्ये कॅननची ५० एफ १.८ मिळाली. काचा निर्मळ.

दोष कागदावर लिहिले, बसलो, चहा झाला. शेवटी कॅनन बॉडी, ३५-७० आणि ५० मिळून १२ हजारांत ठरलं. ७०-२१० साठी मी काहीच म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "आन्टी, हे मी कोणाला विकू? घेऊन जा, दुरुस्त झाली तर वापरा." घेतली. वाड्याचे फोटो काढले की एक प्रिंट त्याला द्यायची, असं मी कबूल केलंय.

---

मांडवीचा_घड्याळजी
रविवार, दुपारी ४.०५

व्यवहार चोख झाला. पण ताई, मनापासून सांगतो, एफएम२ ची इतकी नीट बॉडी सोडायला नको होती. एकटी बॉडी मागून बघायची.

---

विश्वामित्रीकाठ
रविवार, दुपारी ४.३०

मागितली काका. १९ हजारांच्या खाली तो येत नव्हता आणि ते वाजवीच होतं. त्यावर एआय लेन्स वेगळी घ्यायची म्हणजे माझ्या आवाक्याबाहेर. कॅननमध्ये वाडा आणि चांपानेर दोन्ही आजपासून होतात. बॉडीपेक्षा मला काच महत्त्वाची वाटली.

---

कमाटीबाग
रविवार, दुपारी ४.४४

ती एफएम२ अजून तिथेच आहे ना? ताई, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आत्ता निघतो.

---

विश्वामित्रीकाठ
रविवार, दुपारी ४.४६

केला. पाच वाजता तो दुकान बंद करतो.

---

अंधारखोली
रविवार, संध्याकाळी ६.१०

छान निवड. आता ती ७०-२१० बाकीच्या दोन लेन्सेसबरोबर ठेवू नका. वेगळा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करा, ती कढई मात्र परत स्वयंपाकाला वापरायची नाही. चांगल्या लेन्सेसच्या डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहू द्या. त्याहून कोरडं केलं तर आतलं वंगण सुकतं.

आणि पावसाळ्यात लेन्स डब्यात कोंडून विसरू नका. दर आठवड्याला काढा, झूम दोन्हीकडे फिरवा, वापरा.

---

ग्वाल्हेरची_लेक
रविवार, रात्री ८.५०

अभिनंदन! ५० मिळाली हे ऐकून सगळ्यांत जास्त आनंद झाला.

पहिला रोल वाड्यात नेऊ नका. फोम बदलून घ्या, मग एक स्वस्त रोल कमाटीबागेत घालवा. प्रत्येक फोटोचा वेग, छिद्र आणि झूमचा आकडा वहीत लिहा. तोच देखावा ३५, ५० आणि ७० वर, प्रत्येक वेळी एफ ४ आणि एफ ८ ला. निगेटिव्ह समोर ठेवून वही वाचली की या झूमचं सगळं कळतं : कुठल्या टोकाला कडा मऊ येतात, मीटर किती चुकतो, झाकणातून उजेड शिरतो का.

रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते आहे ना, ते बघत जा. फिरत नसेल तर रोल आत पकडलेला नाही.

---

विश्वामित्रीकाठ
रविवार, रात्री ९.३५

कमाटीबागेतच जाते, पुढच्या शनिवारी. फोम बदलणारे कोणी रावपुऱ्याच्या आसपास माहीत असतील तर सांगा, नाहीतर मी आणि मुलगी घरीच बदलू. खटका_८१, फोमची जाडी किती लागते? खोबणीला आणि आरशाला एकच चालते का?

---

खटका_८१
रविवार, रात्री १०.१५

एकच नाही. खोबणीला पातळ, आरशाला जाड. या मॉडेलचं कापलेलं तयार पाकीट ऑनलाइन मिळतं, तेच मागवा. जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडा, धातूचं काही वापरू नका. आरशाच्या वरचा फोम काढताना कॅमेऱ्याचं तोंड खाली करून धरा, म्हणजे चुरा बाहेर पडेल, दृष्टिपटलावर पडणार नाही. आरशाच्या काचेला अजिबात हात लावायचा नाही, तिचा लेप वरच्या बाजूला असतो. तयार झालं की इथेच फोटो टाका.